अर्ध्या वडापावाची नक्षी

‘घरबसल्या’ या शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. घरबसल्या पापड लाटा, घरबसल्या फॉल-पिको करा, घरबसल्या शिकवण्या घ्या! पापड लाटणारी बाई बसलेली असते हे खरं. पण उठताना तिला कंबरेची परवानगी काढावी लागते, हे जाहिरातीत छापत नाहीत. या यादीत आता नवी भर पडली आहे. घरबसल्या नक्षी काढा, इंटरनेटवरच्या चित्रांच्या बाजारात टाका आणि झोपेत डॉलर मिळवा! या झोपेतल्या डॉलरांविषयी मला आज चार शब्द बोलायचे आहेत. ते चांगलेच असतील अशी हमी मी देत नाही.

आमची सून नक्ष्या काढते. चादरी, पडदे, वह्यांची कव्हरं, भेटवस्तू गुंडाळायचे कागद यांवर जी फुलं-पानं-ठिपके पसरलेले असतात, ते कापडावर आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी ते काढलेले असतात. त्यातली मेख अशी की, काढायचा असतो एकच चौकोन. त्याच्या उजव्या कडेवर अर्धं तुटलेलं जास्वंदीचं फूल डाव्या कडेवर बिनचूक पुरं व्हायला हवं. वर कापलेली पाकळी खाली जुळायला हवी. मग तो चौकोन फरशीसारखा कितीही वेळा शेजारी-शेजारी मांडा, सांधा दिसता कामा नये. “बाबा, सांधा दिसला की नक्षी मेली,” असं ती म्हणते. (आमच्या न्हाणीघराच्या फरश्या बसवणाऱ्या गवंड्याला हे वाक्य ऐकवायची माझी फार इच्छा आहे.) बरं, नुसतं जुळूनही भागत नाही. पसरल्यावर मध्येच एखादी रिकामी गल्ली दिसू लागली, की पुन्हा श्रीगणेशा! असा एक चौकोन व्हायला तिला दोन-तीन दिवस लागतात.

एवढ्यावर सुटका नाही. गिऱ्हाइकाला सापडावी म्हणून त्या नक्षीला इंग्रजीत चाळीस-पन्नास शोधशब्द चिकटवायचे. जास्वंदीचं ‘हिबिस्कस’ होतं. पण पैठणीच्या पदरावरच्या मुनियेचं काय करायचं? शेवटी ती बिचारी ‘ट्रॉपिकल बर्ड’ नावानं परदेशी जाते. मग परीक्षक ती तपासतो, आणि कधीकधी “असलं आमच्याकडे पुष्कळ आहे” म्हणून परत पाठवतो. वधूपरीक्षेत मुलगी नाकारतानासुद्धा आपल्याकडे निदान पत्रिकेचं कारण देत असत.

आता भाव ऐका. सून कोणत्या बाजारात माल टाकते ते मी सांगणार नाही. घरचं रडगाणं चव्हाट्यावर नको. जगजाहीर आहे तेवढंच सांगतो. शटरस्टॉक नावाची २००३ साली निघालेली न्यूयॉर्कची कंपनी आहे. तिनं १ जून २०२०पासून चित्रकारांसाठी नवे नियम आणले. वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत, पायरीपायरीनं वाढणारा. वर्षात जितकी चित्रं खपतील तितकी वरची पायरी. आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर! एका विक्रीची किमान मिळकत दहा सेंट. म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. अर्धा वडापाव, तोही चटणीशिवाय.

आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. त्यांना यात काहीच वावगं दिसेना. म्हटलं, “अहो, तुम्हाला बँकेनं दर १ जानेवारीला मॅनेजरचा पुन्हा कारकून केला असता तर?” गृहस्थ ताडकन उठून बसले. युनियन, मोर्चा, काळ्या फिती असं बरंच काही त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं असावं. फरक इतकाच, की नक्षी काढणारी माणसं जगभर आपापल्या खोल्यांत एकेकटी बसलेली असतात. काळी फीत लावली तरी ती बघणार कोण? घरचं मांजर!

हा भाव एवढा का पडतो, तेही समजून घ्या. गिऱ्हाईक एक चित्र विकत घेत नाही. महिन्याच्या वर्गणीत चित्रांचं गाठोडं घेतं. गाठोडं जितकं मोठं, तितकी चित्रामागची किंमत कमी, आणि चित्रकाराचा वाटा त्या कमी किमतीवर. खानावळवाल्यानं महिन्याच्या पासावर सवलत जाहीर करावी आणि तिची झळ स्वयंपाकिणीच्या पगाराला लागावी, तसला हा न्याय.

“पण एकदा काढायचं आणि जन्मभर विकायचं, हे काय वाईट?” असं शेजारी म्हणाले. एकदा काढलेलं चित्र लाखो चित्रांच्या गर्दीत काही दिवसांतच तळाला जातं. वर राहायचं तर रोज नवं टाकायला हवं. याला जन्मभराचं उत्पन्न म्हणत असाल, तर रोज विहिरीतून पाणी शेंदण्यालाही नळ म्हणावं लागेल. शिवाय आपली नक्षी कुणी घेतली, हे काढणारीला कळत नाही. मुलगी दिली, पण कुठल्या घरी दिली ते बापाला ठाऊक नाही! विकायच्या कापडावर ती छापायची तर मोठा परवाना घ्यावा लागतो. तो घेतला की नाही, हे जगातला एकेक पडदा उलटून कोण बघणार?

आणि आता यंत्रं आली आहेत. मार्च २०२३मध्ये अडोबी कंपनीनं चित्रं काढणारं ‘फायरफ्लाय’ आणलं. ते शिकलं कशावर? इतर मालाबरोबर त्याच कंपनीच्या बाजारात माणसांनी ठेवलेल्या चित्रांवर. पुढे त्यांना बोनस दिला गेला, हे खरं. पण ‘माझं चित्र यातून वगळा’ म्हणायची सोय नव्हती. पाहुण्याला ताटातली पुरी उचलून दिल्यावर यजमानीणबाईंना “चालेल ना?” असं विचारण्याचा हा प्रकार.

“कुणी जबरदस्ती केली होती का?” हा शेजाऱ्यांचा शेवटचा हुकमी एक्का. नाही केली. म्हणूनच माझं भांडण नुसत्या कंपन्यांशी नाही, आपल्या ‘घरबसल्या’ वृत्तीशीही आहे. घरात बसून केलेल्या कामाला दर नसतो, असं आपणच ठरवून टाकलं आहे. कंपन्यांनी ते फक्त डॉलरमध्ये लिहून दाखवलं.

माझं सांगणं साधं आहे. आपली सर्वांत चांगली नक्षी बाजारात टाकण्याआधी आपल्या डिझाईन कायद्याखाली नोंदवा. २०००चा हा कायदा दहा वर्षं, आणि मुदत वाढवली तर आणखी पाच वर्षं संरक्षण देतो. पण आधी जगाला दाखवून मग नोंदवायला गेलात, तर ती नवी राहिली नाही म्हणून दार बंद. कॉपीराइटच्या भरवशावर राहाल, तर १९५७च्या कायद्याचं पंधरावं कलम वाचा. नोंदवण्याजोगी नक्षी न नोंदवता तुमच्याच परवानगीनं कारखान्यात पन्नासांहून अधिक नगांवर छापली गेली, की कॉपीराइट संपला. एक्कावन्नावी चादर निघाली की तुम्ही मोकळे! तेव्हा नोंदवलेला माल कापडवाल्याला समोर बसून, दर ठरवून, लेखी विका. बाजारात टाकायचाच तर उरलासुरला टाका.

हे सगळं शेजाऱ्यांना पटलं. निदान मान तरी हलली. जाताना म्हणाले, “नातवाची मुंज आहे. सूनबाईंना पत्रिकेभोवती एखादी वेल काढून द्यायला सांगा ना. घरीच तर असतात!”

मी त्यांना तीन दिवसांच्या मजुरीचा आकडा सांगितला. पत्रिका आली. वेल नव्हती.