शर्यतीच्या छोट्या मोटारीचे कवच

रेडिओच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या शर्यतीच्या छोट्या मोटारींचे कवच निवडताना बहुधा एकच कसोटी लावली जाते : ते खऱ्या शर्यतीच्या मोटारीसारखे दिसते की नाही. ही कसोटी चुकीची आहे. शाळांमधून या छंदाला विज्ञानशिक्षणात स्थान द्यावयाचे असेल, तर ती प्रथम सोडून दिली पाहिजे.

हे कवच पॉलिकार्बोनेटच्या, सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ पत्र्याचे असते. तापवून मऊ केलेला पत्रा साच्यावर ठेवून खालून हवा ओढून घेतली की तो साच्याचा आकार धारण करतो. रंग आतील बाजूने देतात, म्हणजे ठोकरा बसल्या तरी तो खरवडला जात नाही. एक-दशांश प्रमाणाच्या अशा गाडीचे एकूण वजन दीड किलोग्रॅमच्या आसपास असते, आणि या आकड्यातच खरे मर्म आहे. लांबी दहा पटींनी घटली की पृष्ठभाग शंभर पटींनी घटतो. वजन मात्र हजार पटींनी. हवेचे बल पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे, सारख्याच वेगाने धावताना वजनाच्या मानाने हवेचा प्रभाव छोट्या गाडीवर दहापट पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला मोठ्या मोटारीस होणारा हवेचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका, तर छोटीस होणारा जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतका असतो. मग नाक किंचित वर उचलले जाताच ती उलथली, तर नवल ते कोणते? (दोष मात्र चालविणाऱ्याच्या हाताला दिला जातो.)

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. पृष्ठभागाला बिलगून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, लहान आकारावर अधिक अंतरापर्यंत संथ राहतो. आणि संथ थर उतरत्या पाठीवरून लवकर सुटतो. म्हणून मोठ्या मोटारीला मानवणारी गोलसर पाठ छोटीलाही मानवेल, असे गृहीत धरता येत नाही. सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. गोलाभोवती बारीक तार बसविली असता थर खळबळतो, उशिरा सुटतो आणि रोध घटतो, हे त्यांनी १९१४ मध्ये दाखविले. त्यांच्याच हाताखाली ग्योटिंगेन येथे १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविणारे विष्णू माधव घाटगे पुढे बंगळूरुस आले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग १९४२ मध्येच निघाला होता. पुढे या नगरीत लहानमोठी वातविवरे उभी राहिली. ज्या शहरात हवेचे बल मोजण्याची अशी परंपरा आहे, तेथील विद्यार्थ्याने केवळ चित्र पाहून कवच निवडावे, हे विसंगत आहे.

यावर असे म्हटले जाते की, तयार कवचे अनुभवी कारखानदार बनवितात आणि अनेक स्पर्धांत मान्यताप्राप्त कवचेच चालतात. मग मुलांनी मोजावयाचे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तथापि तेच कवच किती उंचीवर व किती पुढे बसवावे, हे ठरविणे उरतेच. शिवाय बंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि गाडीला जमिनीशी दाबून धरणारे बलही तितकेच घटते.

मोजणीसाठी वातविवर लागत नाही. कवचावर लोकरीचे आखूड धागे चिकटवून गाडी मोठ्या पंख्यासमोर ठेवावी. जेथे धागे फडफडतात, तेथे हवा सुटलेली असते. छताच्या पुढच्या भागावर बारीक दोरा चिकटवून मागचे धागे शांत होतात का, तेही पाहावे. दोन कवचांची तुलना करावयाची असल्यास हलक्या कवचाला आतून मातीचा गोळा लावून वजने आधी सारखी करावीत. मग एकाच वेगाने येऊन एकाच खुणेपाशी मोटर बंद करावी आणि गाडी किती अंतरावर थांबते ते मोजावे. वाऱ्याचा परिणाम वगळण्यासाठी प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी घ्यावी.