लेखनवर्ग आणि नोंदवहीतील एक ओळ

मॉरिशसमध्ये मराठी घेऊन पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण शुद्धलेखनाची नसते. तो प्राथमिक शाळेपासून मराठी शिकत आलेला असतो. गणेशचतुर्थी, मातृप्रेम व पावसाळा यांवर त्याने इतके निबंध पाठ केलेले असतात की, परीक्षेत लेखणी आपोआप चालते. त्या निबंधांत जूनमध्ये मृगाचा पाऊस पडतो. वस्तुतः येथे जून हा थंडीचा महिना. मोठा पाऊस जानेवारी ते मार्च, वादळांच्या दिवसांत. विद्यार्थ्याने कधी न पाहिलेला ऋतू तो शुद्ध भाषेत लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. (गुण देणारे शिक्षकही त्याच वाटेने आलेले असतात, हे येथे सांगून टाकलेले बरे.)

महाविद्यालयीन लेखनवर्गाचे खरे काम हा पाठ केलेला पाऊस थांबविणे हे होय. ते व्याख्यानांनी साधत नाही; एकच पान तीनदा लिहावयास लावल्याने साधते. त्यासाठी विषयही जवळच आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. 1834 नंतर सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. त्यांचे नाव, क्रमांक, जहाज, गाव, उंची, अंगावरील खुणा हे सारे कारकुनाच्या हातचे. रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे आलेल्या आपल्या पूर्वजांविषयी लिहिलेले जे काही उरले, ते बहुतांशी परक्याने रोमन लिपीत, ऐकू येईल तसे टिपलेले.

समजा, एका विद्यार्थिनीने अशा एका नोंदीवर लिहावयाचे ठरविले. पहिल्या खर्ड्यात अश्रूंचे पूर येतील, मातृभूमीचा विरह येईल, समुद्र गर्जेल. शिक्षकाने तांबडी शाई बाजूस ठेवून एवढेच विचारावे, ‘या बाईने पहिल्या सकाळी हातांनी काय केले असेल?’ दुसऱ्या खर्ड्यात मग चूल येते, ऊसाच्या पातीने कापलेली बोटे येतात. याच खर्ड्यात मुलगी अडखळते, कारण मजुरांच्या वस्तीला घरात ‘काँ’ म्हणतात, दुकानाला ‘लाबुतिक’, आणि हे शब्द मराठी निबंधात चालतात की नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ते चालले पाहिजेत. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ लोकांच्या बोलीत आणला, हे शिकवणाऱ्यांनी बोलीचा विटाळ मानावा, हे विपरीत आहे. तिसऱ्या खर्ड्यात आजीच्या तोंडची कोकणी वळणाची दोन वाक्ये आली, की त्या मुलीचे लेखन सुरू झाले असे समजावे. व्याकरण तेथून पुढे तपासावे, आणि ते कसून तपासावे. ढिलाईचा पुरस्कार येथे मुळीच नाही.

यावर असा आक्षेप येतो की, या मुलांना नोकरी हवी, आणि नोकरी शुद्ध उत्तरपत्रिकेवर मिळते. आक्षेप खोटा नाही. मराठीचे बहुतेक पदवीधर शिक्षक होऊ पाहतात, आणि तशा जागा थोड्या. परंतु तेच शिक्षक उद्या पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे उभे राहतात. त्या मुलांच्या घरी क्रिओल बोलली जाते, मराठी फार तर आरतीपुरती उरलेली असते. ज्याने स्वतः एक पानही आपले लिहिले नाही, तो त्यांना पुन्हा मृगाचाच पाऊस देणार.

अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ 1977 साली प्रसिद्ध झाली. भाषा हिंदी, पण ऊस, वस्ती व माणसे येथलीच. ती वाचावयास भारतातील वाचकही तयार झाले, आणि येथल्या शब्दांमुळे त्यांचे काही अडले नाही. आपल्या तरुणांपाशी तोच ऊस आहे आणि त्याच नोंदवह्या आहेत. मंडळांनी दरवर्षी वक्तृत्वाला जी बक्षिसे ठेवली आहेत, त्यांतील एक तरी तिसऱ्या खर्ड्यासाठी ठेवावे, आणि स्पर्धकाने तिन्ही खर्डे एकत्र टाचून द्यावेत.