दुकानाची जागा आणि गोळीची वाट

शाळेपासून १०० यार्डांच्या आत सिगारेटचे पाकीट विकण्यास २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने मनाई आहे. दारूचे दुकान शाळेपासून वा प्रार्थनास्थळापासून किती दूर असावे, हे राज्याराज्यांच्या अबकारी नियमांत नमूद असते. औषधाचे दुकान मात्र त्याच शाळेच्या फाटकासमोर खुशाल उघडता येते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, अल्प्राझोलाम आणि ट्रामाडोल तेथे रीतसर परवान्यानिशी ठेवता येतात. औषध दुकानांनाही अंतराचे आणि वस्तीचे नियम लावा, ही मागणी महापालिकांच्या सभागृहांतून आणि पालकांच्या सभांतून अधूनमधून उठते, ती या विसंगतीपोटीच. मागणी करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की हा रोग खरोखर दुकानाच्या जागेत दडला आहे काय?

रोग आहे, हे केंद्र सरकारनेच मान्य केले आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्राने देशव्यापी पाहणी केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील २.०६ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. त्यात हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर औषधी स्वरूपातील अफूवर्गीय पदार्थ घेणारे ०.९६ टक्के होते. सीमेपलीकडून चोरून येणारे हेरॉइन आणि परवानाधारक कारखान्यातून निघणारी गोळी यांच्यातील अंतर इतके थोडे आहे. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांचा हिशेब पुन्हा निराळाच.

दिल्लीपुरते पाहिले तरी या दुकानाचे धनी किती, हे ध्यानात येते. विक्रीचा परवाना दिल्ली सरकारचे औषध नियंत्रण खाते देते. दुकान कोणत्या वस्तीत चालावे, हे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पर्यायाने केंद्राच्या, बृहत् आराखड्यावर ठरते. दुकानासमोरील पदपथ महापालिकेचा आणि गुन्हा घडलाच तर पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाचे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी वस्त्यांतील दुकानांना टाळी लागू लागली, त्या दिवसांचा धसका राजधानीतील व्यापारी विसरलेले नाहीत. त्यातून मार्ग काढीत फेब्रुवारी २००७ मध्ये २०२१ चा आराखडा अधिसूचित झाला. घरांच्या तळमजल्यावर २० चौरस मीटरपर्यंतच्या ज्या छोट्या दुकानांना त्याने मुभा दिली, त्यांत किराणा, दूध, भाजी यांच्या पंगतीत औषधाचे दुकानही बसले. नियोजनकारांच्या दृष्टीने ती घराजवळ हवी असलेली सोय होती. नशेचा विचार त्या पंगतीत कोणी केला नव्हता आणि करण्याचे कारणही नव्हते.

राज्यघटनेची मांडणीही याला पोषक आहे. औषधे समवर्ती सूचीत, जमीन आणि स्थानिक स्वराज्य राज्यांच्या सूचीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना, जमीनवापराचे नियमन आणि सार्वजनिक आरोग्य हे तिन्ही विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. पण औषध विक्रीचे नियम १९४५ चे आणि केंद्राचे. ते दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा मागतात, औषधे योग्य तापमानात ठेवण्याची सोय मागतात, नोंदणीकृत फार्मासिस्ट मागतात. शेजारी शाळा आहे की वसतिगृह, असे ते विचारीत नाहीत. वस्तीला सर्वांत जवळची संस्था ती नगरपालिका, आणि तिलाच या परवान्याची वार्ता नसते.

ही पोकळी अलीकडे जिल्हाधिकारी भरून काढीत आहेत. मज्जातंतूंच्या वेदनांवर दिले जाणारे प्रीगॅबालिन नशेसाठी घेतले जाऊ लागल्यावर पंजाबातील अनेक जिल्ह्यांत ७५ मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या कॅप्सूल विकण्यास मनाई करणारे आदेश निघाले. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अन्य राज्यांतही राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या आग्रहावरून औषध दुकानांत सीसीटीव्ही बसविण्याचे फर्मान अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी काढले. दंगल रोखण्यासाठी केलेल्या कलमाने गोळ्यांचा बंदोबस्त करायचा, असा हा प्रकार. असा मनाई आदेश सामान्यतः दोन महिने टिकतो. मग तो पुन्हा काढावा लागतो. शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडली की तीच कॅप्सूल पलीकडच्या दुकानात मिळू शकते. प्रशासनाच्या चुळबुळीचे हे लक्षण आहे, धोरणाचे नव्हे.

जागेच्या नियमांचा प्रयोग खऱ्या अर्थाने झाला तो अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात. तेथे २००८ ते २०१० या काळात ‘पेन क्लिनिक’ नावाच्या दवाखान्यांचे पेव फुटले. वेदनाशामक ऑक्सिकोडोन डॉक्टरच लिहून देत आणि दवाखान्यातच विकत. स्वतःच्या दवाखान्यातून हे औषध सर्वाधिक प्रमाणात देणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या १०० डॉक्टरांपैकी ९८ जण २०१० मध्ये एकट्या फ्लोरिडात होते. गाड्या भरभरून गिऱ्हाईक शेजारच्या राज्यांतून येई. राज्याचे कायदे तोकडे पडू लागले, तेव्हा काउंट्या आणि शहरे यांनी आपल्या हाती असलेले एकमेव शस्त्र उपसले, ते म्हणजे जमीनवापराचे. नव्या क्लिनिकांच्या परवानगीला स्थगिती दिली गेली. शाळांपासून अंतर, वाहनतळ, उघडण्याच्या वेळा अशा अटी आल्या आणि पुढे हाच चिमटा औषध दुकानांनाही लागू झाला.

परिणाम काय झाला? एका शहराने दार लावले की क्लिनिक शेजारच्या शहरात जाई. त्यामुळे शेजाऱ्यालाही घाईघाईने तसाच ठराव करावा लागे. लाट काही काळ थोपविली गेली, राज्य सरकारवरील दडपण वाढले, हे श्रेय स्थानिक संस्थांना द्यावेच लागेल. परंतु आकडे खाली आले ते राज्याने हात घातल्यावर. जुलै २०११ पासून डॉक्टरांना दवाखान्यातून अशी औषधे विकण्यास बंदी झाली. त्याच वर्षी प्रत्येक चिठ्ठीची नोंद ठेवणारी संगणकीय यंत्रणा सुरू झाली. २०१० ते २०१२ या काळात ऑक्सिकोडोनमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ५२.१ टक्क्यांनी घटले, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने नोंदविले. त्यानंतर व्यसनी माणूस हेरॉइनकडे आणि फेंटानिलकडे वळला, हा त्याच कहाणीचा कटू उत्तरार्ध.

त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. २०१२ मध्ये केंद्रीय अंमली पदार्थ यंत्रणेने सॅनफोर्ड गावातील सीव्हीएस या बड्या साखळीच्या दोन दुकानांची नोंदणी रद्द केली. २०१३ मध्ये वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीने ८ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले; त्यात ज्युपिटर येथील वितरण केंद्र आणि सहा दुकाने होती. ही काही अंधाऱ्या गल्लीतील टपऱ्या नव्हेत. घाऊक गोदामातून प्रमाणाबाहेर माल सुटत होता, आणि दुकान कोठे आहे हे पाहणाऱ्या नियमाला किती माल आला हे दिसत नव्हते. जाता जाता हेही नोंदवावे, की २०१७ मध्ये फ्लोरिडाने औषधी गांजाच्या दुकानांवर औषध दुकानांपेक्षा कडक अटी घालण्यास शहरांना मज्जाव केला. तेव्हा गांजा नको असलेल्या काही शहरांनी औषध दुकानांवरच्याच अटी वाढविल्या. जागेचे नियम मूळ हेतू सोडून असे भटकतात.

भारतात याचा अनुभव दारूच्या निमित्ताने येऊन गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरपर्यंत दारूविक्रीला मनाई केली. लगेच राज्य सरकारे महामार्गांना जिल्हा रस्ते म्हणून जाहीर करण्याच्या खटपटीला लागली. केरळातील एका बारमालकाने तर दारासमोर वळणावळणाची वाट बांधून चालण्याचे अंतर वाढविले! जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच नगरपालिका हद्दीतील दुकाने या आदेशातून वगळली. महसुलाची गरज आणि न्यायालयाचा धाक एकाच वेळी असता जे घडले, ते औषधांच्या बाबतीत घडणार नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

औषध व्यापारात एक धोका अधिकचा आहे. दोन दुकानांत अंतर असावे, ही व्यापाऱ्यांचीही जुनी आवडती मागणी आहे. त्यांना हवी असते ती स्पर्धेपासून सुटका. नव्या विक्रेत्याने किंवा घाऊक वितरकाने संघटनेचे ना-हरकत पत्र आणल्याखेरीज त्याला माल मिळू न देण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालू होती. भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेच्या प्रकरणात या सक्तीला स्पर्धाविरोधी ठरविले. समोरच्या दाराने घालविलेली ही प्रथा व्यसनमुक्तीचा टिळा लावून मागील दाराने परत येऊ शकते. मग नवे दुकान उघडणार नाही आणि चिठ्ठीविना गोळ्या देणारे जुने दुकान मक्तेदार होऊन बसेल.

भोगावे लागेल ते रुग्णाला. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर कर्करुग्णांना मॉर्फिन मिळणे किती दुष्कर झाले होते, याची कबुली संसदेला २०१४ च्या दुरुस्तीने द्यावी लागली. ट्रामाडोल एप्रिल २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आले, ते गैरवापर पाहता अटळ होते. पण प्रत्येक नव्या अडसराची किंमत अंथरुणाला खिळलेला माणूस मोजतो. मध्यरात्री औषधासाठी धावणाऱ्या त्याच्या मुलाच्या दृष्टीने दुकान घराजवळ असणे हाच उपचाराचा भाग असतो.

गोळी वळते कोठे, हे उत्तर प्रदेशातील कोडीन सिरपच्या प्रकरणाने २०२५ च्या अखेरीस पुन्हा दाखविले. ज्या घाऊक पेढ्यांच्या नावे माल उचलला गेला, त्यांपैकी अनेक केवळ कागदावर होत्या, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. जे दुकान अस्तित्वातच नाही, ते शाळेपासून किती मीटरवर आहे हे मोजणार कसे? घरपोच औषधांनी तर अंतराचा अर्थच बदलला; आणि ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा ऑगस्ट २०१८ चा मसुदा वर्षानुवर्षे मसुदाच राहिला.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये दर २०० विक्री दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा, असे सांगितले होते. आज विक्रेत्यांची अखिल भारतीय संघटना १२ लाखांहून अधिक सदस्य असल्याचा दावा करते. तो खरा धरला तर माशेलकरांच्या हिशेबाने केवळ दुकानांसाठी ६,००० निरीक्षक लागतील. त्या संख्येच्या जवळपास जाण्याची घाई ना केंद्राला दिसते, ना राज्यांना. उलट ऑक्टोबर २०१७ च्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करण्याची अट गेली; शुल्क भरले की परवाना चालू राहतो. व्यापार सुलभतेच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण दुकानाचा पूर्वेतिहास तपासण्याची एक नियमित संधी त्यात हरपली. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर बडगा उगारला, तेव्हा दुकाने बंद ठेवून निषेध झाला होता. अंतराच्या ठरावाला असा विरोध होणार नाही, कारण त्याची झळ पोहोचते ती अद्याप न उघडलेल्या दुकानाला.

नगरपालिकांना काम द्यायचेच असेल, तर ते निराळे आहे. नवा परवाना दिल्यावर त्याची प्रत प्रभाग कार्यालयाला जावी. रहिवाशांच्या तक्रारींवर औषध निरीक्षकाने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे. आणि परवान्याच्या पत्त्यावर खरोखर दुकान आहे की नाही, एवढे तरी मालमत्ता कराच्या नोंदींवरून ताडून पाहावे. कागदी पेढ्या पकडण्यास ही शेवटची तपासणी पुष्कळ उपयोगी पडेल आणि तिला नवा कायदा लागणार नाही. दुसरे साधन दुकानातच पडून आहे. मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ नुसार कोडीन, ट्रामाडोल, अल्प्राझोलाम आदी औषधे विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. घाऊक विक्रेत्याचे बिल आणि ही नोंद एकमेकींशेजारी ठेवली, की किती बाटल्या आल्या आणि किती चिठ्ठ्यांवर गेल्या, हे त्याच टेबलावर उलगडते. त्यासाठी वर्षातून एकदा तरी कोणीतरी दुकानात जाऊन ती नोंदवही मागितली पाहिजे.