प्रश्न विचारायला कुणीतरी हवं

गणिती आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रवाल्यांचीही संघटना असते असं सांगितलं की आमच्या नातेवाइकांना आधी हसू येतं. संघटना म्हणजे शिक्षकांची, रिक्षावाल्यांची, फार तर बँकवाल्यांची. कृष्णविवरांची आकडेमोड करणारी माणसं एकत्र येऊन मागणार तरी काय? महागाई भत्ता? मग पुढचा प्रश्न ठरलेला: "पण या सगळ्याचा उपयोग काय हो?"

उपयोगाच्या प्रश्नाला जीपीएसचं छापील उत्तर आहे. मी आयुष्यभर मराठवाड्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे ते शेकडो वेळा दिलंय. आज नाही देणार. आज माझं भांडण घरच्यांशी नाही, आमच्याच लोकांशी आहे.

भारतीय सापेक्षतावाद्यांची संघटना, आयएजीआरजी, 1969 साली स्थापन झाली. ती का हवी होती हे समजायचं तर त्याआधीची दोन माणसं पाहा.

पहिले प्र. चु. वैद्य. 1942च्या सुमारास हा गुजराती तरुण बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन, गाठीला असलेल्या थोड्याशा पैशांवर बनारसला गेला. कशाला? तर तिथे विष्णु वासुदेव नारळीकर होते. कोल्हापूरचे, केंब्रिजचे रँग्लर, आणि जयंतरावांचे वडील. श्वार्झशिल्डने 1916 साली ताऱ्याभोवतालच्या गुरुत्वाकर्षणाचं जे उत्तर काढलं होतं, त्यातला तारा प्रकाशच टाकत नाही. खरे तारे तर टाकतात! मग त्यांच्याभोवती काय होतं? वैद्यांनी 1943 मध्ये हे उत्तर काढलं. आज जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

दुसरे अमल कुमार रायचौधुरी. कोलकात्यात हे गृहस्थ जवळजवळ एकटेच सापेक्षतेवर काम करत होते. नोकरीच्या ठिकाणी "हे सोडा, दुसरं काहीतरी करा" असा तगादा. तरीही त्यांनी समीकरण काढलं, ते 1955 साली छापून आलं. पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांची सिंग्युलॅरिटीची प्रमेयं त्याच समीकरणाच्या पायावर उभी राहिली. पेनरोजना 2020 साली नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे रायचौधुरींची आठवण निघाली. ते 2005 सालीच गेले होते.

एकाला नारळीकर भेटले, दुसऱ्याला आसपास कुणी नव्हतं. दोघांनी मोठं काम केलं हे खरं. पण रायचौधुरी लाखात एक असतात हो. बाकीच्यांचं काय? सिद्धांत करणाऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि "थांबा, ही तिसरी ओळ कुठून आली?" असं विचारणारा एक माणूस लागतो. कागद-पेन्सिल वाण्याकडे मिळते. तो माणूस मिळावा म्हणून संघटना लागते. माझ्या मते बाकी सगळं, अधिवेशनं, पुरस्कार, अध्यक्षीय भाषणं, या एका गोष्टीसाठी आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट आपण घालवत चाललो आहोत.

मी पाहिलेली आणि पार पाडलेली चर्चासत्रं सांगतो. दीपप्रज्वलन. स्वागतगीत. शाल, श्रीफळ. प्राचार्यांचं मनोगत. उद्घाटकांचं भाषण तास दीड तास, त्यात आईनस्टाईनचे दोन किस्से. मग जेवण. जेवणानंतर तीन वर्गांत एकाच वेळी पेपरवाचन, माणशी सात मिनिटं. अध्यक्ष घड्याळ दाखवतात, वाचणारा घाईघाईने शेवटच्या स्लाइडवर उडी मारतो, टाळ्या, पुढचा. "काही शंका?" असं विचारायचं असतं म्हणून विचारतात, आणि कुणी हात वर केलाच तर "चहाच्या वेळी बोला". चहाच्या वेळी सगळे सर्टिफिकेटच्या रांगेत.

2010 साली यूजीसीने गुणांकनाची पद्धत आणली, तेव्हापासून तर पेपर म्हणजे पॉइंट झाला. आमच्याकडे विश्वाच्या मॉडेलांवर पेपरांचा पूर आला. एक गृहीतक बदला, तीच समीकरणं पुन्हा सोडवा, झाला पेपर! वैद्यांनीही समीकरणच सोडवलं होतं की. पण त्यांच्यासमोर प्रश्न होता: तारा प्रकाशतो, मग काय? आमच्या बहुतेक पेपरांत उत्तर असतं आणि प्रश्नाचा पत्ता नसतो. यात त्या प्राध्यापकांना मी फारसा दोष देत नाही. आठवड्याचे तास घेऊन, परीक्षेची कामं उरकून, ग्रंथालयात धड मासिकं नसताना माणूस दुसरं काय करणार? त्याला वीस वर्षांत कुणी "हे का करताय?" असं आपुलकीने विचारलेलंच नसतं.

"का करताय" हे विचारणं कुणाचं काम? मोठ्या संस्थांतल्या लोकांचं. आणि ते काय करतात? हसतात. "ते बियांकी मॉडेलवाले" असं म्हणून हसतात आणि आपापल्या गटात परत जातात. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्याचा मला राग आहे.

आता हे सगळं आजच का उकरून काढतोय? कारण गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि 2023 साली केंद्राने मंजूर केलेले 2600 कोटी. ही कुणा मंत्र्याच्या कृपेने आभाळातून पडलेली नाही. विश्वेश्वरांनी 1970 साली कृष्णविवर घंटेसारखं कसं 'वाजतं' ते मांडलं. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटातून लहरीचा संकेत कसा वेचायचा याचं गणित करत होते. बंगळुरूला बाळा अय्यर लहरींचं रूप काढत होते. तेव्हा लहर कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती, ती 2015 साली सापडली. या लोकांनी तोवर एकमेकांना धरून ठेवलं, एकमेकांच्या चुका काढल्या. संघटनेचा उपयोग विचारता ना? हा घ्या.

पण हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांतला प्राध्यापक या वेधशाळेकडे कुंपणाबाहेरून बघणार असेल, तर 1969 साली मंडळी जमली कशासाठी?

कुणी म्हणेल, आयुका आहे की. आहे, आणि विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठीच ती 1988 साली निघाली. तिथे असोसिएट म्हणून जाऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांतला फरक मी पाहिलाय. पण पुण्याला जाऊ शकणारे मोजके. बाकीच्यांकडे संघटनेने यायला हवं. तिने दर चार-पाच वर्षांनी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद जरूर भरवावी, पहिली 1987 साली गोव्यात झाली होती. पण अधूनमधून एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात दोन दिवस बसावं. शाल नको, सर्टिफिकेट नको. दिवसाला तीनच माणसं बोलतील, फळ्यावर, आणि बोलण्याइतकाच वेळ प्रश्नांना. आणि प्रश्न मराठीत विचारायची मुभा. "मराठीत हे जमत नाही" असं म्हणणाऱ्यांनी जयंत नारळीकरांनी काय काय लिहून ठेवलंय ते बघावं. वैद्यांनी तर गुजराती शिक्षकांसाठी गुजरात गणित मंडळ काढलं, 'सुगणितम्' चालवलं. कुलगुरू झाल्यावरही सायकलवरून जाणारा हा माणूस, त्याला कॉलेजातला मास्तर कधी परका वाटला नाही.

कॉलेजवाल्यांनाही एक सांगणं आहे. मंडळी, आपल्या पेपरवर कुणी आडवा प्रश्न विचारला तर तो अपमान समजू नका. टाळ्या कुणीही वाजवतं. तिसऱ्या ओळीवर अडणारा माणूस तुमचं खरंच वाचतो आहे.

असो. भाचेकंपनी म्हणेल, मामा पुन्हा सुरू झाले. होऊ देत. तुमच्यापैकी कुणी तिकडच्या कॉलेजात शिकवत असेल आणि हे अतिशयोक्त वाटत असेल, तर जरूर भांडा. फक्त सात मिनिटांत आटपू नका.