हसवणारी जाहिरात

'जाहिरात' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटायचे कारण नाही. उर्दूत 'जाहिर' म्हणजे उघड, सर्वांना दिसणारे. त्याच शब्दापासून मराठीतला 'जाहिरात' हा शब्द तयार झाला. गंमत अशी, की उर्दूत मात्र आपण जाहिरातीला 'इश्तेहार' म्हणतो. जी गोष्ट चारचौघांत उघडपणे सांगायची, ती जाहिरात. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

सांताक्रूझ स्टेशनाबाहेर पाच मिनिटे उभे राहा. दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या मागे, बेस्टच्या बसगाड्यांच्या अंगावर जाहिरातीच जाहिराती दिसतील. घरी आलो की टीव्हीवर आणि मोबाइलवर त्या पुन्हा हजर! दिवसभरात आपण कितीतरी जाहिराती पाहतो. पण रात्री आठवतात किती? एखाददुसरी. आणि जी आठवते, ती बहुधा हसवणारी असते. असे का होते?

विनोदी जाहिरातींसाठी जपान हा देश प्रसिद्ध आहे. तेथील टीव्हीवरच्या बहुतेक जाहिराती केवळ पंधरा सेकंदांच्या असतात. एवढ्या वेळात लांबलचक भाषण कसे करणार? म्हणून ते लोक एक मजेदार चित्र डोळ्यांसमोर उभे करतात. 'कप नूडल' या शेवयांच्या जाहिरातीत आदिमानवांची एक टोळी अवाढव्य प्राण्यांच्या मागे धावते, पडते, धडपडते. शिकार काही हाती लागत नाही. शेवटी एकच प्रश्न येतो : भूक लागली? फ्रान्समधील कान या शहरी दरवर्षी जाहिरातींचा मोठा महोत्सव भरतो. १९९३ साली तेथील सर्वोच्च पारितोषिक या जाहिरातीला मिळाले.

दुसरे उदाहरण 'सॉफ्टबँक' या टेलिफोन कंपनीचे. २००७ सालापासून या कंपनीच्या जाहिरातींत शिरातो नावाचे एक कुटुंब येऊ लागले. आई माणूस, मुलगी माणूस. पण वडील मात्र पांढरा कुत्रा! तो भारदस्त आवाजात मुलांना रागावतो आणि घरात कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. वडील कुत्रा का, हे कोणी समजावूनही सांगत नाही. परंतु हा विनोद उगाच केलेला नव्हता. एकाच कुटुंबातल्या माणसांनी आपसांत फुकट बोलावे, अशी त्या कंपनीची 'व्हाइट' नावाची योजना होती. व्हाइट म्हणजे पांढरा, आणि जपानी भाषेत 'शिरो' म्हणजेही पांढरा. कुटुंबाचे नाव, कुत्र्याचा रंग आणि विकायची योजना ही तिन्ही एकाच धाग्यात ओवलेली होती.

आता जपानहून आपल्या मुंबईत येऊ. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे 'लिज्जत' झाला. आजही या संस्थेतल्या बहिणी भिजवलेले पीठ घरी नेतात आणि पापड लाटून परत आणून देतात. दूरदर्शनच्या काळात या पापडाच्या जाहिरातीत एक ससा आला. तो पापड खाई आणि खदखदून हसे. हा ससा बोलक्या बाहुल्यांचे प्रसिद्ध कलावंत रामदास पाध्ये यांचा. पापडाची खरी ओळख कोणती? त्याचा कुरकुरीतपणा. आणि कुरतडून खाणारा प्राणी कोणता? ससा. पापडाला याहून चांगला गिऱ्हाईक कोठून मिळणार!

त्याच १९५९ साली बळवंत पारेख यांनी 'फेविकॉल' बाजारात आणला. त्यांच्या कंपनीची कचेरी आपल्याजवळच, अंधेरीला आहे. पीयूष पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेविकॉलच्या जाहिराती केल्या. त्यांपैकी एकीत आचारी अंडे फोडू पाहतो. पण अंडे काही केल्या फुटत नाही. मग दिसते, की कोंबडी फेविकॉलच्या डब्यातले दाणे टिपते आहे! दुसरीत वाळवंटातल्या खडबडीत रस्त्यावरून एक बस डुलत चालली आहे. टपावर, मागे, बाजूंना माणसे लोंबकळत आहेत. बस हेलकावे खाते, पण एकही माणूस खाली पडत नाही. बस पुढे जाते आणि तिच्या पाठीवर फेविकॉलची पाटी दिसते. या जाहिरातीत संवाद जवळजवळ नाहीतच. म्हणून ती उर्दू बोलणाऱ्याला कळते, मराठी बोलणाऱ्याला कळते, आणि २००२ साली ती कानच्या परीक्षकांनाही कळली. तेथे तिला पारितोषिक मिळाले.

या साऱ्या जाहिरातींत मला एक समान गुण दिसतो. त्यांतला विनोद त्या वस्तूच्या पोटातूनच जन्मलेला आहे. बसच्या पाठीवर फेविकॉलऐवजी साबणाची पाटी लावून पाहा. विनोद तेथेच संपतो. सशाच्या हाती पापडाऐवजी केळे दिले, तर जाहिरात मुकी होते. याउलट काही जाहिराती पाहून आपण पोट धरून हसतो. पण दुसऱ्या दिवशी 'ती जाहिरात कशाची होती?' असे विचारले, तर डोके खाजवतो. तेथे विनोद वरून चिकटवलेला असतो. वरून चिकटवलेली गोष्ट लवकर गळून पडते.

दुसरा गुण मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठीच्या तासाला आपण 'अतिशयोक्ती' हा अलंकार शिकतो. उर्दूत त्यालाच 'मुबालगा' म्हणतात. न फुटणारे अंडे ही अतिशयोक्तीच आहे. ते खरे नाही, हे लहान मुलालाही कळते. कोणीही कोंबडीला फेविकॉल चारायला जात नाही. म्हणजे ही अतिशयोक्ती उघड आहे, 'जाहिर' आहे. म्हणूनच तिने कोणाची फसवणूक होत नाही.

काही जाहिराती मात्र हसवून नव्हे, तर लाजवून लक्षात राहतात. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली भारतात आले. त्याच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगितली जाई : सावळी मुलगी खिन्न असते, ती उजळ झाली, की तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो. लोकांनी यावर फार टीका केली आणि अखेर २०२० साली कंपनीने मलमाचे नाव बदलले. याही जाहिराती लोकांच्या लक्षात राहिल्या, हे मला मान्य आहे. पण त्यांतली अतिशयोक्ती झाकलेली होती. पाहणारी मुलगी ती खरी मानी आणि आरशासमोर उभी राहून स्वतःला कमी लेखी. कोंबडीच्या जाहिरातीने कोणत्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आणले?

फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायदा प्रत्येक घरात येऊन बसणार नाही. तेथे आपलेच डोळे उघडे हवेत.

म्हणून एखादी जाहिरात आवडली, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. वस्तूचे नाव काढून टाकले, तर विनोद उरतो का? या विनोदात कोणाच्या रंगाला, गरिबीला किंवा बोलण्याला हसले आहे का? आणि हसून झाल्यावर वस्तूची किंमत, वजन नि दर्जा मी पाहिला का? पहिल्या प्रश्नावरून जाहिरात करणाऱ्याची हुशारी कळते, दुसऱ्यावरून त्याची माणुसकी. तिसरा प्रश्न आपल्या स्वतःच्या शहाणपणाचा आहे.

चांगला विनोद मनमुराद हसावा. तो करणाऱ्याला दादही द्यावी. मात्र दाद द्यायला टाळी पुरते; त्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही.