आखाड चूक की बरोबर?



आज तुम्हांला एका लाल रेघेची गोष्ट सांगते. ती रेघ मीच मारली होती.

आमची शाळा वेल्हे तालुक्यात. या तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. इथं आणि शेजारच्या भोरला पावसाळ्यात जिकडे तिकडे भातलावणी चालते. चौथीच्या मुलांना मी 'आमचा पावसाळा' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलीनं लिहिलं, 'आखाडात आमची भातलावणी असते.' मी 'आखाडात'वर लाल रेघ मारली आणि वर 'आषाढात' असं लिहिलं. वर्गात दोघं-तिघं हसली. ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमची आजी आखाडच म्हणती. मग आजीचं पण चुकलं का?"

काय उत्तर द्यायचं? चला, आधी आषाढ आला कुठून ते पाहू.

चंद्राच्या वाटेवर आपण २७ नक्षत्रं मानतो. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचं नाव पडलं. चित्रावरून चैत्र, पुष्यावरून पौष, मघावरून माघ. आता प्रत्येक नावाचा पहिला स्वर बघा. 'चि'चा 'चै' झाला, 'पु'चा 'पौ' झाला, 'म'चा 'मा' झाला. संस्कृतात एका नावावरून 'त्याच्याशी संबंध असलेला' असा शब्द बनवताना पहिला स्वर असा वाढतो. याला 'वृद्धी' म्हणतात. पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा या नक्षत्रांच्या नावांत 'अषाढा' लपली आहे. 'अ'चा 'आ' झाला आणि महिना झाला आषाढ!

मराठीत हा महिना पुल्लिंगी, 'तो आषाढ'. त्यावरून 'आषाढी' हे विशेषण झालं, आषाढी एकादशी. पण आपण नुसतं 'आषाढीला पंढरपूरला जायचंय' असंही म्हणतो ना? तिथं 'एकादशी' शब्द गळून गेला आणि विशेषणाचंच नाम झालं. एकादशी स्त्रीलिंगी, म्हणून 'ती आषाढी'!

मग आखाड? तोही याच घरातला. पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता 'ष'चा 'ख' झाला आणि 'ढ'चा 'ड'. असं फक्त याच शब्दात झालं असं नाही. 'हर्ष' म्हणजे आनंद, आणि आनंद झाला की आपण 'हरखून' जातो. तिथंही 'ष'चा 'ख'च झाला. 'हरखणे' पुस्तकात चालतं, मग 'आखाड'ला का हसायचं?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या वहीत लिहिलं, 'आजीचं बरोबर आहे. रेघ माझी चुकली.' मग सगळ्या वर्गाला सांगितलं, परीक्षेत आणि अर्जात 'आषाढ' लिहा, तो 'ष' आणि 'ढ' नीट लक्षात ठेवा. पण घरी कुणी आखाड म्हणालं तर त्यांना सुधारायला जाऊ नका. शब्द आषाढचाच आहे, फक्त तो आजीच्या तोंडून चालत आलाय.

आता तुमची पाळी. विशाखा आणि श्रवण या नक्षत्रांवरून कोणते महिने झाले? आणि 'भादवा' कोणत्या महिन्याला म्हणतात? पहिल्याचं उत्तर दिनदर्शिकेत सापडेल. दुसऱ्याचं मात्र आजीलाच विचारा!

तुमच्या बाई