फेणे मोठा झाला, तिथेच चुकलं

मंडळी, परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला. एका भाच्याने लिहिलं, 'फास्टर फेणेला आता कुणी हात लावू नये. भागवतांनी लिहिला तेवढाच खरा.' धडाधड अंगठे पडले. मी नाही दिला. का, ते इथे सांगते.

हात लावायचा नाही हा नियम खुद्द भा. रा. भागवतांनीच पाळला नव्हता! फुरसुंगीच्या बनेश फेणेला त्यांनी पुण्याच्या विद्याभवन शाळेत आणलं, प्रतापगडावर नेलं, काश्मीरला धाडलं, विमानचोरांशीही भिडवलं. गोष्ट दरवेळी नवी. मुलगा मात्र तोच: काटकुळा, सायकलवाला, 'ट्टॉक्' करणारा आणि नको तिथे नाक खुपसणारा.

आता दुसरी बाजू. २०१७ साली सिनेमा आला. अमेय वाघने काम झकास केलं. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भागवत पाहून तर मला भरून आलं. मोबाइल आला, कपडे बदलले, माझी काही तक्रार नाही. पण फेणे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आलेला तरुण झाला आणि लहान मुलगा उरला त्याच्या मदतनिसापुरता. इथे माझं भांडण आहे. मोठ्या माणसाने चोर पकडला तर त्यात नवल काय? मोठी माणसं 'गप बस' म्हणत असताना शाळकरी पोराचं बरोबर निघतं, ही त्या गोष्टींतली खरी गंमत. शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात फेणे वाचत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलं ताठ बसायची ती याचसाठी. त्यांचं तरी दुसरं कोण ऐकत होतं?

म्हणजे १९८७ च्या दूरदर्शन मालिकेतला सुमीत राघवन आठवून उसासे टाकणारे आपण, आणि आपल्यासाठी फेणेला मोठं करणारे ते, दोघांची चूक एकच. फेणे आपला आहे असं दोघांनाही वाटतं. अहो, तो दहा-बारा वर्षांच्या मुलांचा आहे!

माझ्या नातवाला एक गोष्ट वाचून दाखवली. तो मध्येच म्हणाला, "आजी, याने सरळ फोन का नाही केला?" मला उत्तर देता येईना. ते उत्तर नव्या लेखकाने द्यायला हवं. विषयांना काय तोटा? फुरसुंगीचं नाव आज निघतं ते कचरा डेपोमुळे. रात्री गाड्यांतून नेमकं काय येऊन पडतं, याचा माग काढणारा तिथला एक सातवीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. सायकल असो नाहीतर नसो, तो फेणेच!

नाहीतर जुनी पुस्तकं आपण कपाटात जपून ठेवू आणि नातवंडं मराठी वाचत नाहीत म्हणून पुन्हा त्याच ग्रुपवर रडू.

भाचेबुवा, अंगठा नको. उत्तर लिहा, तेही मराठीत.